सावत्र मुलाचं वागणं बिघडलंय : नाशिकमध्ये मदत कुठून आणि कोणत्या क्रमाने घ्यावी?

आडगाव_नाका | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार. मावसबहिणीच्या घरासाठी विचारते आहे, तिला सांगूनच.

पाथर्डी फाट्याला राहतात. मुलगा ९ वर्षांचा, चौथीत, सेमी इंग्रजी. तो सहा वर्षांचा असताना त्याची आई आजारपणात गेली. वडिलांचं दुसरं लग्न मावसबहिणीशी होऊन चौदा महिने झाले. मावसबहिणीची पहिल्या लग्नातली मुलगी साडेतीन वर्षांची, तीही या घरात आली. मुलाची आजी घरात आहे. वडील अंबडला कंपनीत, तिन्ही पाळ्या.

गेले पाच महिने असं चाललंय : डबा तसाच परत येतो, दोनदा भिंतीवर फेकला. धाकटीला चिमटे काढतो, ढकलतो. आजीच्या बटव्यातून पैसे घेतो. चौथ्या वर्षी सुटलेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालंय. शाळेतून दोनदा चिठ्ठी आली. मावसबहिणीला तो कुठल्याच नावाने हाक मारत नाही. समोर येऊन उभा राहतो, तिचं लक्ष गेलं की बोलतो.

तिचं म्हणणं, रागवलं तर लोक सावत्रपणा म्हणतात, नाही रागवलं तर दुर्लक्ष म्हणतात. बालरोगतज्ज्ञ, समुपदेशक, मानसोपचारतज्ज्ञ, यांतलं आधी कोण? घरी तोवर काय करायचं?

संपादक_मंडळ | रात्री ९:५२

धागा चालू द्या. मुलाचं नाव, शाळेचं नाव, फोटो, इमारतीचं नाव कुणीही टाकू नका. उद्या तो मुलगा मोठा होऊन हे वाचू शकतो.

बालरुग्ण_कक्ष | रात्री १०:१५

आधी शरीर. अंथरुणाचं ऐकल्यावर पहिली पायरी बालरोगतज्ज्ञच.

सहा महिने किंवा जास्त कोरडं राहिलेलं मूल पुन्हा ओलं करायला लागलं तर त्याला दुय्यम प्रकार म्हणतात. मनावरचा ताण हे एक कारण झालं, एकमेव नव्हे. लघवीतला जंतुसंसर्ग, मधुमेह, बद्धकोष्ठता, घोरणं ही बाकीची. बद्धकोष्ठता तर हमखास राहून जाते. आतड्याच्या शेवटी कडक शौच साठली की मूत्राशयावर दाब येतो आणि रात्री मुलाला कळायच्या आत लघवी होते. शी रोज होते का, खड्यासारखी होते का, चड्डीला डाग असतात का, हे पाहून जा. तोंड उघडं ठेवून झोपतो, घोरतो, तर तेही सांगा. नाकामागची गाठ सुजलेली असली की झोप तुटते, आणि झोप तुटलेलं मूल दिवसा चिडचिडं होतं.

तपासण्या मोठ्या नाहीत. लघवीची साधी तपासणी, रक्तातली साखर, हिमोग्लोबिन. पुढचं डॉक्टर ठरवतील. मात्र तहान फार लागते, सारखी लघवी होते आणि वजन उतरतंय, असं असेल तर उद्यावर ढकलू नका, त्याच दिवशी साखर तपासा. त्यात उलट्या किंवा धाप लागत असेल तर थेट तातडीच्या विभागात.

घरी : गादीवर मेणकापड, त्यावर चादर, त्यावर पुन्हा मेणकापड, पुन्हा चादर. रात्री ओलं झालं की वरचा जोड काढून बादलीत टाकायचा, खाली कोरडं तयार. दोन मिनिटांत काम होतं, घर जागं होत नाही. चादर त्याने स्वतः काढली तरी चालेल, पण ती शिक्षा वाटता कामा नये. चादर गच्चीत वाळत घालताना शेजारणीला सांगणं, धाकटीशी तुलना, 'एवढा घोडा झाला' हे सगळं बंद. दिवसभर पाणी भरपूर, झोपण्याआधीचा तास-दीड तास कमी. संध्याकाळचा चहा बंद.

पेठरोड_पाटील | रात्री १०:३१

एवढं कौतुक कशाला? बापाने दोन रट्टे दिले की चार दिवसांत सरळ होतो. आमच्या पिढ्या अशाच वाढल्या.

वर्गशिक्षिका_सिडको | रात्री १०:५०

पाटीलदादा, रट्ट्याने मूल थांबतं ते मारणारा समोर असेपर्यंत. वडील दुसऱ्या पाळीला गेले की घरात कोण? मावसबहीण आणि साडेतीन वर्षांची मुलगी. मोठ्याने खाल्लेला मार लहानावर निघतो, हे वर्गात रोज दिसतं. घरी मार खाणारी मुलं मधल्या सुट्टीत कुणाला धरतात ते पाहा.

शाळेचं म्हणाल, तर शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. 'तुझी आई सावत्र आहे ना' असं वर्गासमोर म्हणणं मानसिक छळातच येतं. चिठ्ठी आली म्हणून हात जोडून जाऊ नका. वर्गशिक्षकांची वीस मिनिटांची वेळ मागा, वडील आणि मावसबहीण दोघं जा, आणि तीनच गोष्टी विचारा : कुठल्या तासाला होतं, त्याच्या आधी काय घडलेलं असतं, आणि तो कुठल्या तासाला नीट असतो. तिसरा प्रश्न विसरू नका. चित्रकलेच्या तासाला किंवा मैदानावर मूल शांत असेल तर त्यातूनच पुढचा रस्ता निघतो. बसायची जागा बदलणं, वर्गाबाहेर पाणी प्यायला जायची खूण ठरवणं, एवढं बहुतेक शिक्षक आनंदाने करतात.

पालकवर्ग_नाशिकरोड | रात्री ११:२०

मूळ प्रश्नावर येते. रागवायचं कुणी?

पहिली एक-दोन वर्षं शिस्त लावायची ती जन्मदात्याने. सावत्र पालकाने आधी ओळख, मग जिव्हाळा, आणि त्यानंतर अधिकार मिळवायचा. हा क्रम उलटला की मुलाच्या बाजूने 'तू माझी कोण?' येतंच. अशी घरं जुळायला महिने नाही, काही वर्षं लागतात. चौदा महिन्यांत बिघडलं म्हणून कुणी नापास झालेलं नाही.

याचा अर्थ मावसबहिणीने गप्प बसायचं, असा नाही. बदली शिक्षक वर्गात येतो तेव्हा नियम त्याचे नसतात, वर्गाचे असतात, पण तो ते पाळून घेतो. तसंच. नियम वडिलांनी सांगायचे, दोन्ही मुलांना समोर बसवून, मावसबहीण शेजारी असताना. तीन किंवा चारच. 'मारायचं नाही. न विचारता पैसे घ्यायचे नाहीत. नऊला दिवे बंद.' वडील कामावर असताना तिने म्हणायचं, 'बाबांनी ठरवलंय, नऊला दिवे बंद.' आवाज चढवायची गरजच उरत नाही.

सांगायची पद्धतही सांगते, कारण बहुतेक घरं इथेच चुकतात. स्वयंपाकघरातून ओरडून सांगू नका. जवळ जा, त्याच्या नजरेच्या उंचीला या, एकच गोष्ट सांगा, 'काय करू नको' ऐवजी 'काय कर' सांगा. मनात पाच आकडे मोजा. नाही केलं तर एकदाच : 'दप्तर जागेवर ठेवलंस की टीव्ही लागेल.' मग खरंच तोवर लावू नका. परिणाम छोटा, लगेच आणि त्याच दिवशी संपणारा असावा. आठवडाभर खेळ बंद केला की दुसऱ्या दिवशी मुलाकडे गमवायला काही उरत नाही.

आणि रोज पंधरा मिनिटं. वडिलांची वेगळी, मावसबहिणीची वेगळी. खेळ तो निवडेल. त्यात प्रश्न नाहीत, सूचना नाहीत, अभ्यासाचा विषय नाही. त्या दिवशी त्याने काहीही केलेलं असो, ही पंधरा मिनिटं शिक्षा म्हणून काढून घ्यायची नाहीत. नव्या लग्नात मुलाने सगळ्यात जास्त काय गमावलेलं असतं, तर बाबांचा एकट्याचा वेळ.

आडगाव_नाका | मंगळवार, सकाळी ८:०५

सगळ्यांचे आभार, तिला रात्रीच वाचून दाखवलं. एक अडचण राहते. आजी मध्ये पडतात. मावसबहिणीने काही सांगितलं की 'राहू दे गं, बिनआईचं लेकरू आहे' म्हणून त्याला जवळ घेतात. आणि रोज रात्री झोपताना ध्रुवबाळाची गोष्ट. सुरुचीने मांडीवरून ढकललं, ती.

गोदाकाठची_मावशी | सकाळी ८:४०

आजीबाईंची सून गेली आहे हो. त्यांचंही दुःख आहे, आणि नातू हाच त्यांचा धागा. त्यांना शत्रू करू नका. त्यांच्याशी त्यांच्या मुलाने, म्हणजे बाबांनी बोलावं, मावसबहिणीने नव्हे. 'आई, तू त्याला जवळ घे, पण आधी दप्तर ठेवायला सांग, मग घे.' क्रम बदलला की काम झालं. 'बिनआईचं' हा शब्द मात्र घरातून गेला पाहिजे. तो शब्द ऐकून मुलाला स्वतःची कीव येते आणि समोरच्या बाईला अपमान वाटतो, एका शब्दात दोन जखमा.

ध्रुवाच्या गोष्टीवर बंदी घालू नका, नाहीतर तीच गोष्ट मोठी होईल. आजींना दुसरं काम द्या : त्याच्या आईच्या गोष्टी. ती लहानपणी कशी होती, तिला काय आवडायचं, तो जन्मला तेव्हा काय झालं. आजी सोडून हे सांगणारं घरात दुसरं कोण आहे?

शोक_समुपदेशन | सकाळी ९:३०

मावशींनी फार मोलाचं सांगितलं. त्याला जोडून वयाचा मुद्दा.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला मरण म्हणजे लांबचा प्रवास वाटतो. 'देवाघरी गेली' म्हटलं की ते परतीची वाट बघतं. आठ-नऊच्या आसपास त्याला पुरतं कळतं की ती येणार नाही, आणि आपल्यालाही कधीतरी मरण आहे. म्हणजे तीन वर्षांपूर्वी झालेलं दुःख त्याला आत्ता नव्याने होत असेल. नेमक्या त्याच काळात घरात दुसरी बाई आली, आईच्या ओट्यापाशी उभी राहिली. तिच्यावर माया करणं म्हणजे आईशी बेइमानी, असं मुलांना वाटतं. ती चांगली वागली की राग वाढतो तो यामुळे. गोड बोलल्यावर जास्त आपटतो, अशी तक्रार असेल तर नवल नाही.

करायचं काय : आईचा फोटो काढला असेल तर परत लावा, त्याच्या नजरेच्या उंचीवर. एक पेटी करा, त्यात तिची ओढणी किंवा साडी, फोटो, तिच्या अक्षरातला कागद. पेटीची चावी त्याच्याकडे. पितृपक्षात अविधवा नवमीला पान वाढतात, त्या दिवशी आईच्या आवडीचा पदार्थ कोणता करायचा हे त्याला विचारा आणि पान त्याला मांडू द्या. गेलेल्या पहिल्या बायकोचा टाक, म्हणजे धातूवरची प्रतिमा, देवघरात ठेवायची रीत जुन्या घरांत होती. गेलेलीला घरात जागा असते, हे आपल्याकडे नवं नाही. ही जागा मावसबहिणीनेच पुढाकार घेऊन दिली तर मुलाच्या मनातली गाठ सैल व्हायला सुरुवात होते.

त्र्यंबकरोड | सकाळी ११:१०

त्र्यंबकेश्वरला नारायण नागबली करून घ्या. तीन दिवसांचा विधी आहे. अकाली गेलेल्या माणसाचा आत्मा अडकला की मुलाबाळांना त्रास होतो.

शोक_समुपदेशन | सकाळी ११:३५

श्रद्धा असेल तर जरूर करा, घरच्या मोठ्यांना त्यातून आधार मिळतो. विनंती एकच : 'तुझ्या आईचा आत्मा अडकलाय म्हणून तू असा वागतोस' हे मुलाच्या कानावर जाऊ देऊ नका. नऊ वर्षांचं मूल ते शब्दशः घेतं. रात्री एकटं झोपत नाही, आई आपल्यामुळे तळमळते असं धरून बसतं. विधी असो, डॉक्टरची तारीख मात्र त्यासाठी पुढे ढकलू नका.

त्र्यंबकरोड | सकाळी ११:४८

हे पटलं. मुलासमोर बोलू नये, बरोबर आहे.

नोंदवही | दुपारी १:१५

कुठल्याही तज्ज्ञाकडे जायच्या आधी दहा-बारा दिवस वही लिहा. 'फार त्रास देतो' या वाक्यावर कुणालाच उपाय सांगता येत नाही. चार रकाने : दिवस-वेळ, आधी काय झालं, त्याने काय केलं, नंतर कोणी काय केलं. नमुना देतो.

'मंगळवार, ५:४०. धाकटी बाबांच्या खुर्चीत बसली. त्याने तिला ओढून पाडलं. आजीने त्याला जवळ घेतलं, मी धाकटीला उचललं.'

त्यात 'मुद्दाम', 'नाटक', 'आगाऊपणा' हे शब्द लिहायचे नाहीत, डोळ्यांना दिसलं तेवढंच. शेवटचा रकाना प्रामाणिकपणे भरा, कारण पाडल्यावर जवळ घेतलं जात असेल तर पाडणं वाढणारच. वर एका कोपऱ्यात बाबांची पाळी आणि रात्रीची झोप किती तास, हे रोज. ६ ते १२ वयाला ९ ते १२ तास झोप लागते. साडेदहाला झोपून सहाला उठणाऱ्या मुलाचं निम्मं वागणं झोपेचं असतं.

आणखी एक. लहानसहान गोष्टींकडे, म्हणजे तोंड वेडावणं, पाय आपटणं, याकडे लक्ष द्यायचं बंद केलं की पहिले काही दिवस ते वाढतं. हक्काचं लक्ष मिळेनासं झालं की मूल जोर लावून बघतं. त्या दिवसांत हार मानून लक्ष दिलं तर जास्त जोर लावायचा असतो, हेच ते शिकतं. मारणं, फेकणं, पळून जाणं यांकडे मात्र कधीच दुर्लक्ष करायचं नाही.

सातपूर_कॉलनी | दुपारी २:०५

हे सरळसरळ अतिचंचलतेचं लक्षण आहे. एडीएचडी. गोळी चालू करा, शाळा सुधारेल.

बालरुग्ण_कक्ष | दुपारी २:४०

इतक्या लवकर नाव देऊ नका. एडीएचडीची लक्षणं किमान सहा महिने, घर आणि शाळा अशा दोन तरी ठिकाणी आणि बारा वर्षांच्या आधीपासून असावी लागतात. मुख्य म्हणजे ती हळूहळू, लहानपणापासून दिसत आलेली असतात. इथे पाच महिन्यांपूर्वी बदल झालाय. पहिलीच्या शिक्षिकेला विचारा, तेव्हा जागेवर बसायचा का, वस्तू हरवायचा का. उत्तर 'हो' असेल तर तपासणी करावीच.

सातपूर_कॉलनी | दुपारी ३:००

मान्य. पण निदान झालं तर गोळीला घाबरून घरं वर्षानुवर्षं वाया घालवतात, हेही लिहा.

बालरुग्ण_कक्ष | दुपारी ३:१०

लिहितो. निदान पक्कं झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं तर गोळी टाळू नका. त्यांतली काही औषधं नियंत्रित यादीतली असल्याने सगळ्या मेडिकलमध्ये मिळत नाहीत, चिठ्ठी संपायच्या आठवडाभर आधीच सोय करा. भूक आणि झोप यांवर परिणाम होतो, वजन-उंची लिहून ठेवायची. या मुलाबाबत मात्र आपण अजून तिथे आलेलो नाही.

नाशिक_आरोग्यमित्र | सायंकाळी ५:२०

आता कुठे जायचं.

त्र्यंबक रोडचं जिल्हा रुग्णालय : सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. आधी बालरोग, मग तिथूनच मानसोपचार विभागाची चिठ्ठी मागा. एकाच केसपेपरवर दोन्ही नोंदी राहतात. आडगावला मविप्रचं (मराठा विद्या प्रसारक संस्थेचं) वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालय आहे, तिथेही बालरोग आणि मानसोपचार एकाच आवारात. पाथर्डी फाट्याहून लांब पडतं, पण तुमचं माहेर तिकडे असेल तर मुक्काम करून सोयीचं होईल.

घरबसल्या पहिला आधार हवा तर टेली मानस ही सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनी, १४४१६. मोफत, चोवीस तास, मराठीतून. मुलासाठी नव्हे, मावसबहिणीने स्वतःसाठी फोन केला तरी चालतो, आणि मला वाटतं तिने करावाच.

खासगीत जाताना पाटी नीट वाचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस करून त्या विषयातली एमडी किंवा डीपीएम ही पदविका, ते औषध लिहू शकतात, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक नाही. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात, नोंदणी क्रमांक मागायला संकोच करू नका. 'समुपदेशक' या पाटीमागे मात्र दोन वर्षांची पदव्युत्तर पदवीही असू शकते आणि दोन महिन्यांचा वर्गही. विचारा : लहान मुलांसोबत काम करता का? पालकांना वेगळं भेटता का? पाच-सहा बैठकींनंतर काय बदललेलं दिसावं? मुलाला एकट्याला आत घेऊन पालकांना काहीच सांगत नसतील तर नऊ वर्षांच्या मुलाला त्याचा फारसा उपयोग होत नाही. या वयात निम्म्याहून जास्त काम घरातल्या मोठ्यांसोबत असतं.

बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव सांगणाऱ्यांना पैसे देऊ नका. त्याला शास्त्राचा आधार नाही.

मखमलाबादकर | सायंकाळी ६:४५

एक पर्याय : निवासी शाळा. घरातलं वातावरण निवळेल, मुलाला शिस्त लागेल, धाकटी सुरक्षित.

पालकवर्ग_नाशिकरोड | सायंकाळी ७:१०

आत्ता नको, कळकळीने सांगते. आई गेली, मग नवी आई आणि बहीण आली, आणि मग मला घराबाहेर काढलं. मुलाच्या डोक्यात हिशेब असाच बसतो. त्यात रात्री अंथरूण ओलं होणाऱ्या मुलाला वीस मुलांच्या खोलीत ठेवणं म्हणजे रोज सकाळी अब्रू काढणं. निवासी शाळा वाईट नाहीत. पण तिथे मूल घरातून पाय रोवून जावं, हाकलून जाऊ नये.

धाकटीची काळजी मात्र खरी आहे. तोवर दोघांना पाच मिनिटंही एकटं सोडू नका. दार लावून खेळणं नाही. तिच्या खेळण्यांना वेगळी टोपली, त्याच्या वस्तूंना कुलूप लागणारं कपाट. साडेतीन वर्षांची मुलगी त्याची वही फाडणार, आणि आपण 'लहान आहे रे ती' म्हणणार. तिथूनच चिमटे सुरू होतात. त्याच्या वस्तूला हात लावला तर तिलाही त्याच्यासमोर सांगा. मारलं तर आधी तिला जवळ घ्या, मग त्याला थोडक्यात : 'मारायचं नाही. शांत हो, मग बोलू.' लांबलचक भाषण म्हणजे लक्षच.

गोदाकाठची_मावशी | सायंकाळी ७:३०

पैशाचं कुणीच बोललं नाही. बटवा कपाटात, कुलपात. मोह समोर ठेवून परीक्षा घेऊ नका. घेतलेत हे माहीत असेल तर 'तू घेतलेस का' विचारू नका, तो खोटं बोलणार आणि मग दोन गुन्हे होणार. 'बटव्यातले पन्नास रुपये तू घेतलेस, ते परत करायचेत, कसे करशील?' आणि शांतपणे बघा, पैशांचं होतं काय.

आडगाव_नाका | रात्री ८:१५

शाळेबाहेर मुलांना कुल्फी देतो. आजींना दुकानदाराने सांगितलं.

वर्गशिक्षिका_सिडको | रात्री ८:२२

म्हणजे मित्र विकत घेतोय. शिक्षकांना हे सांगा, जोडीने करायची कामं त्याला देता येतील. आठवड्याला ठरावीक दहा-वीस रुपये खाऊचे पैसे द्या, त्यातून परतफेडही होईल.

शरणपूर_वकील | बुधवार, सकाळी १०:३०

कायद्याची बाजू, कारण घाईत चुका होतात.

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायदा १९५६, कलम ६ : नैसर्गिक पालक म्हणताना 'आई' आणि 'वडील' या शब्दांत सावत्र आई-वडील येत नाहीत. लग्नामुळे मावसबहीण त्याची कायदेशीर पालक झालेली नाही. रोजच्या कामांना अडत नाही, पण वडिलांनी सही केलेलं साधं पत्र तिच्याकडे असू द्या : शाळेत भेटणं, डॉक्टरकडे नेणं, तपासणीला संमती. शाळेत आणायला-न्यायला येणाऱ्यांच्या यादीत तिचं नाव घाला. तातडीच्या वेळी वडील पाळीत असतात, फोन लॉकरमध्ये असतो, तेव्हा हे पत्र उपयोगी पडतं. कंपनीच्या गेटचा नंबरही त्याच कागदावर लिहा.

दत्तक : सावत्र पालकाला रीतसर दत्तक घेता येतं, कारा या केंद्रीय प्राधिकरणाच्या पोर्टलवर नोंदणी करून. मूल पाच वर्षांवरचं असेल तर त्याची संमतीही लागते. आत्ता हा विषय काढू नका. जो मुलगा हाक मारत नाही त्याच्यासमोर कागद ठेवायचा नसतो.

शेवटचं, जे कुणी विचारत नाही : त्याच्या आईचे दागिने, भविष्य निर्वाह निधी, विमा. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने पती आणि मुलं यांचा सारखा वाटा असतो, म्हणजे त्यात मुलाचा हिस्सा आहे. यादी करा, वजनासह, लॉकरमध्ये ठेवा. आणि मावसबहिणीने त्या पाटल्या-बांगड्या घालू नयेत. सासूने प्रेमाने दिल्या तरी. मुलांच्या हे पहिल्या दिवशी लक्षात येतं.

मखमलाबादकर | सकाळी ११:००

तो हाक मारत नाही त्याचं काय करायचं?

गोदाकाठची_मावशी | सकाळी ११:२०

'आई म्हण' असं पाहुण्यांसमोर तर कधीच नाही. तिनेच सांगावं, 'तुझी आई ती एकच. मला तुला हवं ते म्हण, माई, मावशी, काकू.' आणि मग विषय सोडून द्यावा. आमच्या भागात 'माई' सहज चालतं. तो समोर येऊन उभा राहतो म्हणता ना? तीच सध्या त्याची हाक आहे. तो उभा राहिला की हातातलं काम थांबवून लगेच बघायचं.

बालसुरक्षा_जेलरोड | दुपारी १२:१०

थोडं कठीण, पण लिहायलाच हवं. अचानक बदललेलं वागणं, पुन्हा ओलं होणारं अंथरूण, यामागे कुणी मुलाला मारत असणं किंवा लैंगिक अत्याचार असणं हीही शक्यता असते. शिकवणी, रिक्षा, शेजार, नातेवाईक, सगळं डोळ्यांखालून घाला. एखाद्या ठिकाणी जायला नकार देतो का, आंघोळीला किंवा कपडे बदलायला घाबरतो का, अंगावर खुणा आहेत का. काही सांगितलं तर उलटतपासणी नको. 'सांगितलंस ते बरं केलंस, तुझी चूक नाही' एवढं म्हणा आणि १०९८ या बालमदत क्रमांकाला फोन करा, चोवीस तास चालू असतो. पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याखाली लैंगिक अत्याचाराची माहिती कळवणं बंधनकारक आहे.

'मला आईकडे जायचंय' हे वाक्य ऐकलंत तर हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, 'म्हणजे मरावंसं वाटतं का?' विचारल्याने मुलाच्या डोक्यात ते शिरत नाही. उत्तर 'हो' आलं तर एकटं सोडू नका, औषधं-फिनेल-दोऱ्या उचला, गच्चीचं दार लावा आणि त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

आडगाव_नाका | पहिल्या पोस्टनंतर तेरा दिवसांनी, रविवार, रात्री ९:१०

उशीर झाला, वही पूर्ण व्हायची होती.

बालरोगतज्ज्ञांना दाखवलं. साखर आणि लघवी व्यवस्थित. हिमोग्लोबिन थोडं कमी, लोहाचं औषध दिलं. पोट कडक होतं, बद्धकोष्ठतेचं औषध सुरू आहे. १०९८ वाल्या पोस्टमधले प्रश्नही डॉक्टरांनी वेगळं बसवून विचारले, तसं काही आढळलं नाही.

वहीत अकरा नोंदी झाल्या. त्यांतल्या आठ दुसऱ्या पाळीच्या आठवड्यातल्या. बाबा तीनला घराबाहेर, रात्री बाराच्या पुढे परत. मुलगा शाळेतून येतो तेव्हा ते गेलेले असतात, सकाळी निघतो तेव्हा झोपलेले. सहा दिवस बाप दिसतच नाही. त्या आठवड्यात झोपही सात-साडेसात तासच, कारण तो पलंगावर जागा राहून गाडीचा आवाज ऐकतो.

डब्याचंही कळलं. मावसबहिणीने विचारलं, 'डबा कसा देऊ?' बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, 'पोळीची गुंडाळी.' त्याची आई भाजी आत भरून गुंडाळी द्यायची. ही चौकोनी घडी घालून भाजी वेगळी देत होती.

आता पुढे? मानसोपचार विभागात जायची गरज आहे का अजून?

पालकवर्ग_नाशिकरोड | रात्री ९:४५

गरज आहे, जा. शोक आणि धाकटीला मारणं या दोन गोष्टींसाठी तरी. ही वही सोबत न्या, डॉक्टरांचा पहिला अर्धा तास वाचेल.

दुसऱ्या पाळीच्या आठवड्याचा वेगळा बेत करा. तिन्ही पाळ्यांचं महिन्याचं वेळापत्रक फ्रिजवर, रंगाने, त्यालाच रंगवू द्या. त्या आठवड्यात बाबांनी सकाळी त्याच्यासोबत उठायचं, शाळेला सोडून येऊन पुन्हा झोपायचं. रिक्षा तेवढे सहा दिवस बंद. जाण्यापूर्वी बाबांनी एका चिठ्ठीवर दोन ओळी लिहून दप्तराच्या जागी ठेवायच्या, मुलाने खाली उत्तर लिहायचं. संध्याकाळच्या सुट्टीत, जेवणाच्या वेळेला, पाच मिनिटांचा फोन फक्त त्याच्याशी. त्यात तक्रारी सांगायच्या नाहीत, मावसबहिणीनेही त्या फोनवर काही सांगायचं नाही.

बालरुग्ण_कक्ष | रात्री १०:००

बद्धकोष्ठतेचं औषध शौच मऊ झाली म्हणून बंद करू नका. ताणलेलं आतडं पूर्ववत व्हायला महिने लागतात, डॉक्टर सांगतील तसंच कमी करा. अंथरूण त्यानंतर हळूहळू कोरडं होत जातं, मध्येच दोन-चार रात्री ओल्या जातील. लोहाचं औषध दुधासोबत देऊ नका, लिंबूपाण्यासोबत द्या. शी काळपट होते, घाबरायचं नाही.

नाशिक_आरोग्यमित्र | रात्री १०:२०

बाबांची तिसरी पाळी कधी आहे? ती संपवून सकाळी सातला सुटले की थेट त्र्यंबक रोडला येऊ शकतात, रजा पडणार नाही. मावसबहिणीने मुलाला घेऊन तिथेच भेटायचं. आधीचे रिपोर्ट, वही, शाळेच्या दोन्ही चिठ्ठ्या, मुलाचं आधार. धाकटीला त्या दिवशी आजींकडे ठेवा. आणि रांग लांब असते, डबा न्या.

आडगाव_नाका | रात्री १०:३१

येत्या आठवड्यात तिसरीच आहे. बुधवारी जातो. डब्यात गुंडाळीच.